वरचा खिसा

“हा गळा मापाने कापलाय की रागाने?” असं म्हणत सिस्टरांनी नमुन्याचा सदरा शिंपी मास्तरांच्या नाकासमोर धरला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “व्ही गळा आहे, सिस्टर. आता सगळीकडे हाच चालतो.”

“उभं राहणाऱ्याला चालत असेल. आम्ही दिवसभर वाकतो. एका हातात सुई धरायची आणि दुसऱ्या हाताने गळा सांभाळायचा का?”

खिडकीशी उभी असलेली धाकटी नर्स खुदकन हसली. तिच्या अंगावर दुसरा नमुना होता, गडद निळा आणि अंगाबरोबर बसलेला. ती मघापासून काचेत स्वतःला पुढून-मागून न्याहाळत होती. “मला तर हा फार आवडला बाई,” ती म्हणाली. “त्या जुन्या हिरव्या कपड्यांत आपण सगळ्या पोती घालून हिंडतोय असं वाटायचं.”

“वाकून दाखव.”

“आत्ता?”

“नाही, पुढच्या वर्षी. वाक.”

धाकटी वाकली. पाठीमागून सदरा सर्रकन वर गेला, विजारीची नाडी सुटली, आणि दोन्ही एकदम सावरताना तिची जी तारांबळ उडाली ती न बघण्यासाठी मास्तर छताचा रंग तपासू लागले.

“हे असं पेशंटच्या नातेवाइकांसमोर होणार,” सिस्टर म्हणाल्या. “लिहून घ्या, मास्तर. गळा चार बोटं वर. नाडी गोल नको, चपटी हवी. आणि हो, डावीकडचा वरचा खिसा कुठे गेला?”

“तो काढलाय. सर्जनसाहेब म्हणाले, नको.”

“का नको?”

मास्तर काही बोलायच्या आत धाकटीच म्हणाली, “पण सिस्टर, तुम्हीच तर आम्हाला ओरडता. वरच्या खिशात पेन नाही, कात्री नाही, चिठ्ठीसुद्धा नाही, वाकलं की पडतं म्हणून. मग खिसा हवाय कशाला?”

सिस्टरांनी सदऱ्याची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

“सदऱ्याला खिसा असतो म्हणून हवाय,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही नमुने पिशवीत कोंबून बाहेर पडल्या.

सिस्टर म्हणजे त्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य परिचारिका. बाकीच्या नर्सना हाक मारताना नाव जोडावं लागे. यांना सर्जनपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणत. पाठीमागे ‘कटकट’ म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. थिएटरमध्ये कटकट करणारं एक माणूस लागतंच, नाहीतर पेशंटच्या पोटात बोळे राहतात, असं त्या सरळ तोंडावर सांगत.

थिएटरमध्ये आणि वॉर्डात सगळे जे घालतात ते स्क्रब, म्हणजे तो सैल सदरा आणि विजार, तिथे वर्षानुवर्षं हिरवेच होते. धुऊन धुऊन ते इतके विरले की उन्हात वाळत घातले तर त्यांची सावलीसुद्धा धड पडेना. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी नवे शिवायला काढले. पहिला नमुना इतका जाड निघाला की घालणारा घामाने निथळला. दुसऱ्याचा रंग पहिल्याच पाण्यात बादलीत उतरला. तिसऱ्याच्या विजारीत एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब होता. सिस्टरांनी तिन्ही परत पाठवले, तसे मॅनेजरसाहेबांनी हात टेकले. “तुम्हीच निवडा आता,” ते म्हणाले. तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात काम अडकवलं की तो गप्प बसतो, असा त्यांचा अनुभव होता. सिस्टरांच्या बाबतीत तो कामी आला नाही.

घरी आल्या आल्या सिस्टरांनी नमुने वेगळ्या बादलीत भिजवले. हॉस्पिटलचा कपडा घरच्या कपड्यांत मिसळायचा नाही, उलटा करून गरम पाण्यात धुवायचा, सुवासिक काही घालायचं नाही, उन्हात खडखडीत वाळवायचा आणि वर तापलेली इस्त्री फिरवायची, असे त्या घरचे नियम होते. नियम सिस्टरांचे, अंमलबजावणी यजमानांची.

यजमान मोटार चालवायला शिकवत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांशेजारी बसायचं आणि आवाज चढवायचा नाही, हाच त्यांचा पेशा. त्यामुळे घरीही ते कधी चिडत नसत, आणि सिस्टरांना सगळ्यात जास्त वैताग त्याचाच येई. माणसाने भांडायचं ठरवलं तर समोरच्याने निदान थोडी साथ द्यावी. हे पहिल्याच वाक्याला ब्रेकवर पाय ठेवत.

“अहो, पिळा ना नीट. धार लागलीय अजून.”

“जास्त पिळलं की शिवण उसवते, तूच म्हणतेस.”

“उलटसुलट पिळू नका म्हणते. पिळूच नका म्हणते का? द्या इकडे.”

त्यांनी हात पुढे केला. यजमानांनी बादली पायाने मागे सरकवली.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. स्तन काढावा लागला, त्याबरोबर काखेतल्या गाठीही गेल्या. तेव्हापासून जड काम केलं की डावा हात सुजे. पिळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, दंडाला घट्ट बाही चालायची नाही. ऑपरेशन त्यांनी दुसऱ्या गावी जाऊन करून घेतलं होतं. ज्या टेबलाशेजारी आयुष्यभर उभं राहून हत्यारं दिली त्याच्यावर आडवं व्हायला त्यांचं मन घेईना. हॉस्पिटलात त्यांनी ‘एक गाठ काढली’ एवढंच सांगितलं. शब्द सोयीचा होता. ऐकणारा आपल्याला झेपेल तेवढीच गाठ मनात धरतो. खरं काय ते फक्त जुन्या मेट्रनना माहीत होतं, आणि त्या आता निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

रिकाम्या बाजूला ठेवायला सासूबाईंनी कापसाची लहानशी उशी शिवून दिली होती, आत वजनाला मूठभर मोहरी घालून. ती तशी बरी होती, पण दिवसभराच्या हालचालीत इकडची तिकडे व्हायची. जुन्या हिरव्या सदऱ्यावर नेमका डावीकडे मोठा खिसा होता. तिथे कापड दुपदरी होई, ताठ राही, अंगावर पडत नसे. खिशात काही ठेवायचं नव्हतंच. खिशाच्या आड काय आहे आणि काय नाही, हे कोणाला कळत नव्हतं, एवढंच त्याचं काम होतं.

“मग सांगून टाक ना एकदा,” यजमान सदरा झटकत म्हणाले. “ह्या ह्या कारणासाठी खिसा हवाय म्हणून.”

“कुठे सांगू? मॅनेजरच्या टेबलापाशी उभी राहून?”

“दवाखानाच आहे तो. त्यांना काय त्यात नवीन?”

“पेशंटचं नवीन नसतं. माझं नवीन असतं.”

आतून सासूबाईंनी विचारलं, “काय नवीन आणलं?” त्यांना कमी ऐकू येई, पण जेवढं येई तेवढं त्या वाया जाऊ देत नसत.

“काही नाही, आई. कपडे.”

“रंग जाईल हो तो. मला इथूनच दिसतंय.”

आठवड्याने मॅनेजरसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, सर्जन, मास्तर, आणि तरुण मंडळींचं मत हवं म्हणून धाकटी. सिस्टर नमुन्यांची पिशवी घेऊन आल्या आणि एकेक मुद्दा मांडू लागल्या. गळा वर घ्यायचा हे सर्वांना पटलं. नाडीचंही पटलं, धाकटीने तर फार जोरात मान हलवली. मग कापड आलं.

“हे नका घेऊ,” सिस्टर म्हणाल्या. “निसरडं आहे. अंगाला चिकटतं. काढताना तडतड आवाज येतो.”

“इस्त्री लागत नाही त्याला,” साहेब म्हणाले. “झटकलं की वाळतं. तुमचंच काम कमी होणार आहे.”

“इस्त्री मी करतच नाही, यजमान करतात.”

“मग त्यांचं कमी होईल. कापडाचं सांगून झालंय, सिस्टर. आता ते बदलत नाही.”

“बाह्या तरी सैल करा. दंडाला काचतात.”

“सैल बाही कशालाही घासते,” सर्जन म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हतेच. अडचण तीच होती, वाईट असते तर भांडता आलं असतं.

“आणि वरचा खिसा,” सिस्टर म्हणाल्या.

“मागच्या वर्षी माझ्या सहायकाच्या वरच्या खिशातून पेन सुटलं होतं, आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“त्याला कोणी फैलावर घेतलं होतं?”

“मी.”

“मग?”

सिस्टरांनी टेबलाच्या कडेला पंजा टेकवला. वाक्य अगदी घशापर्यंत आलं होतं. तीन-चार शब्दांचं तर होतं, रोज दुसऱ्यांच्या बाबतीत त्या ते बोलत. पण समोर मास्तर मापाची टेप बोटाला गुंडाळत होते, साहेबांचं अर्धं लक्ष फोनकडे होतं, आणि धाकटी मोठ्या उत्सुकतेने त्यांच्याकडे बघत होती.

“खिसा द्या,” त्या म्हणाल्या. “वापरू मी कोणाला देणार नाही.”

“म्हणजे आधी खिसा शिवायचा आणि मग त्याच्यावर पहारा बसवायचा?” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. धाकटीही हसली. सर्जनांनी घड्याळ पाहिलं.

“बरं,” सिस्टर म्हणाल्या, “नाडी तरी विसरू नका.” आणि पिशवी उचलून निघाल्या. जिन्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नमुने तिथेच राहिले आणि आपण रिकामी पिशवी घेऊन आलो. त्या परत गेल्या नाहीत.

नवे कपडे आले ते निळेशार, चकाकणारे, प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात. सिस्टरांनी पाकीट घरी आणलं, आतले कपडे धुतले, वाळवले आणि आरशासमोर घालून पाहिले. बाही दंडात रुतली. आणि छातीवर ते कापड असं बसलं की उशीची गोल कड न् कड दिसावी. उजवीकडे एक उतार, डावीकडे दुसराच. हात वर केला तशी उशी वर गेली. हात खाली घेतला, उशी वरच राहिली.

“खाली दोन टाके घालून घे म्हटलं होतं मी,” दारातून सासूबाई म्हणाल्या.

“घातलेत, आई.”

“मग चार घाल.”

जास्तीच्या विजारीचं कापड कापून सिस्टरांनी स्वतः खिसा शिवायला घेतला. निसरड्या कापडावर सुई पळत होती. एकदा खिसा तिरका बसला. उसवून पुन्हा बसवला तर भोकं दिसू लागली, आणि शेवटी जे तयार झालं ते खिशासारखं न दिसता फाटक्या जागी लावलेल्या ठिगळासारखं दिसू लागलं. त्यांनी तो टराटरा उसवला.

“काय झालं?” यजमानांनी विचारलं.

“काय व्हायचंय? कापड धड नाही, सुई धड नाही, तुम्ही वाळत घातलंय ते धड नाही. चिमटे खांद्यावर लावलेत, तिथे कान उभे राहिलेत बघा. किती वेळा सांगितलं, चिमटे शिवणीवर लावा. एक गोष्ट सांगून होत नाही या घरात!”

“बरं, लावतो शिवणीवर.”

“बरं म्हणू नका! सारखं बरं बरं! कधीतरी माणसासारखे चिडा!”

यजमानांनी इस्त्री उभी करून ठेवली. “चिडू?” ते म्हणाले. “ठीक आहे. दोन वर्षं मी तुझे कपडे पिळतोय, आणि तू मला पिळतेयस. झालं? चिडलो.”

सिस्टर हातातल्या दोऱ्याच्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

“काय म्हणाला गं तो?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई.”

“मग मोठ्याने बोला ना. नेमकं चांगलं काही चाललं की हळू बोलता.”

यजमानांनी पुन्हा इस्त्री उचलली. इस्त्री न लागणाऱ्या त्या कापडावरून ती त्यांनी सावकाश, खांद्यावरचे कान बसेपर्यंत फिरवली.

नव्या कपड्यांच्या पहिल्या दिवशी सिस्टर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पोचल्या. गेली दोन वर्षं त्या अशाच लवकर येत, आणि कपडे बदलायच्या खोलीत न जाता चादरींच्या कपाटामागे बदलत. लोकांना वाटे, कामाची हौस. त्या दिवशी धाकटीही लवकर आली. तिला आपले नवे कपडे कंबरेत थोडे आवळून घ्यायचे होते आणि सुईदोरा चादरींच्या कपाटाशी असतो, हे तिला सिस्टरांनीच शिकवलं होतं.

ती कपाटाला वळसा घालून आली आणि जागीच थांबली. सिस्टरांचा सदरा अजून हातात होता, उशी टेबलावर होती.

“सॉरी,” धाकटी म्हणाली. पण जायचं तिला सुचेना.

“सुईदोरा वरच्या फळीवर आहे,” सिस्टर म्हणाल्या. “घे आणि जा.”

धाकटी गेली, सुईदोरा न घेताच.

वैताग तिथून सुरू झाला. त्या दिवसापासून धाकटी सिस्टरांच्या हातातला ट्रे काढून घेऊ लागली. निर्जंतुक कपड्यांचे जड ड्रम त्या उचलायच्या आत उचलू लागली. खुर्ची पुढे करू लागली. बोलताना आवाज असा मऊ काढू लागली, जसा शुद्धीवर येणाऱ्या पेशंटशी काढतात. दोन दिवस सिस्टरांनी सहन केलं.

“तुला झालंय तरी काय?” तिसऱ्या दिवशी त्या कडाडल्या. “मी मेलेय का? तो ट्रे ठेव खाली.”

“तुमचा हात...”

“माझा हात मला माहीत आहे. ड्रम उचलायचा नसतो, ट्रे चालतो. आणि तू ट्रे धरलास तर हत्यारं मोजणार कोण?”

त्याच दुपारी मॅनेजरसाहेबांनी बोलावणं पाठवलं. सिस्टर आत गेल्या तर साहेब चक्क उठून उभे राहिले. आजवर ते कधी उठले नव्हते. सिस्टरांना तिथेच समजायचं ते समजलं.

“बसा, सिस्टर, बसा. तुम्ही आधी सांगायचं ना. मला काय कल्पना! म्हणजे आमच्याकडून त्या दिवशी हसण्यावारी... असो. मी मास्तरांशी बोललोय. तुमच्या सदऱ्यांना खास खिसा लावून देणार. उद्याच.”

“माझ्याच?”

“हो, फक्त तुमच्या. बाकी कोणाला काही सांगायची गरज नाही.”

“सगळ्यांचे सदरे सपाट आणि माझ्या एकटीच्या डाव्या छातीवर खिसा,” सिस्टर म्हणाल्या. “साहेब, मग बाण काढून खाली नाव पण लिहा की.”

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना खरंच काही चांगलं करायचं होतं.

“सगळ्यांना लावत असाल तर लावा. नसेल तर मला नको. बाह्या मात्र सैल करा, त्या सगळ्यांच्याच. सर्जनसाहेबांच्या सहायकाला काल हात वर करता येईना, विचारा त्यांना.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “आणि उभे राहू नका मी आले की. मला बरं वाटत नाही.”

पुढच्या खेपेला बाह्या सैल होऊन आल्या. खिसा मात्र आला नाही तो नाहीच.

त्या दुपारी सिस्टर साहेबांच्या खोलीबाहेर आल्या तेव्हा धाकटी व्हरांड्यात उभी होती, डोळे भरलेले. “मी तुमच्या चांगल्यासाठीच...”

“माहीत आहे,” सिस्टर म्हणाल्या. “म्हणून तर ओरडताही येत नाही तुला. किती पंचाईत करून ठेवलीस.” मग म्हणाल्या, “आणखी कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. शपथ.”

“सांगशील. पोटात राहत नाही तुझ्या. उद्याची यादी लाव जा.”

दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन लांबलं. सिस्टर निर्जंतुक गाऊन चढवून, हातमोजे घालून टेबलाशी उभ्या होत्या. सर्जन हात पुढे करत, सिस्टर त्यात हवं ते हत्यार ठेवत, आणि त्या प्रत्येक वेळी आत उशी बोटभर वर सरकत होती. निसरड्या कापडाने तिला अडवायचं सोडून दिलं होतं. आधी ती गळ्याच्या हाडाशी आली. मग खांद्याकडे वळली. घामाने भिजलेली मोहरी जड झाली होती आणि टोचत होती. हात लावायची सोय नव्हती. एकदा हात स्वच्छ केले की ते आपल्या अंगालासुद्धा लावायचे नाहीत, हे सिस्टरांनी शेकडो मुलींना शिकवलं होतं. त्यांनी खांदा उडवला, श्वास आत ओढून पाहिला.

“काही होतंय का?” सर्जनांनी मास्कआडून विचारलं.

“काही नाही. टाक्याचा दोरा देऊ ना?”

शेवटचा टाका पडला, बोळे मोजून झाले, पेशंट बाहेर गेला. सिस्टरांनी गाऊन उतरवला, तरातरा कपाटामागे गेल्या आणि गळ्यातून हात घालून उशी ओढून काढली. ती हातात घेऊन क्षणभर त्या तिच्याकडे अशा बघत राहिल्या की जणू तिने त्यांचं काहीतरी चोरलं होतं. मग ती कपाटाच्या तळच्या कप्प्यात आपल्या चपलांवर टाकली, दार आपटलं आणि बाहेर आल्या.

समोर धाकटी. तिची नजर सदऱ्यावर गेली, आणि तिने तोंड उघडलं.

“एक अक्षर बोलू नकोस,” सिस्टर म्हणाल्या.

“पुढची पेशंट आलीय, एवढंच सांगत होते,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज या वेळी साधा होता, नेहमीचा. सिस्टरांना बरं वाटलं.

थिएटरच्या दाराबाहेर ट्रॉलीवर एक बाई निजली होती. पन्नाशीची, केस टोपीत कोंबलेले, दोन्ही हातांनी चादर हनुवटीपर्यंत घट्ट धरलेली. सिस्टरांनी तिच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचली. नाव विचारलं. काही खाल्लं-प्यायलं आहे का विचारलं. दात खोटे आहेत का विचारलं.

“कोणत्या बाजूचं ऑपरेशन?”

“डाव्या,” बाई म्हणाली.

सिस्टरांनी खूण तपासायला चादर बाजूला केली आणि वाकल्या. गळा चार बोटं वर होता, त्यामुळे काही सांभाळावं लागलं नाही. शाईची खूण बरोबर होती. त्या सरळ होत होत्या तेव्हा बाईची नजर त्यांच्या सदऱ्यावर थांबलेली त्यांना दिसली. चकाकतं निळं कापड उजवीकडून येऊन डावीकडे सपाट पडलं होतं. सिस्टरांचा हात आपोआप वर निघाला. मग त्याने चादरच नीट केली.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचारा.”

“तुमचंही...?”

“हो.”

“हीच बाजू?”

“हीच.”

बाईने छताकडे पाहिलं. दिव्याने तिचे डोळे बारीक झाले. आता ती दुखण्याचं विचारेल, किंवा आपण जगू ना असं विचारेल, याची सिस्टरांनी तयारी केली. दोन्हीची उत्तरं त्यांना पाठ होती.

“झोप लागते का हो?” बाईने विचारलं.

“उजव्या कुशीवर लागते. डाव्या कुशीवर वळलं की ओढ बसते. पहिले काही महिने तर नाहीच जमत.”

“आता आली का पंचाईत,” बाई म्हणाली. “मी लग्न झाल्यापासून डाव्याच कुशीवर झोपते. उजवीकडे हे असतात, घोरतात.”

सिस्टरांना हसू आलं. मास्क होता, पण डोळ्यांत ते दिसलंच असावं, कारण बाईची चादरीवरची पकड थोडी सैल झाली.

“त्यांना उठवून डावीकडे पाठवा,” सिस्टर म्हणाल्या.

“ते कसले जातायत! खिडकी तिकडे आहे, गार वारा लागतो म्हणतात.” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “पण बदलते का हो कूस? या वयात?”

“बदलते. फार वैताग येतो. मध्येच जाग येते, आपण भलत्याच घरात झोपलोय असं वाटतं. पण बदलते.”

ट्रॉली आत गेली. बाईला टेबलावर घेतलं. भूल देणारे डॉक्टर तिच्या डोक्याशी बसले आणि सर्जन हात धुऊन, कोपर वर धरून आत आले. त्यांनी सिस्टरांकडे एकदा पाहिलं, मग हत्यारांच्या टेबलाकडे पाहिलं, आणि सगळं तयार आहे का असं नेहमीसारखंच विचारलं. तयार होतं.

औषध शिरेत गेलं. बाईच्या पापण्या जड झाल्या. झोप अर्धी चढलेली असताना तिने एक खांदा उचलला आणि उजव्या कुशीवर वळायला लागली.

“अहो, आत्ता नाही,” सिस्टर म्हणाल्या, “नंतर.” आणि दोन्ही हातांनी खांदे धरून त्यांनी तिला अलगद सरळ केलं.